वाचकांचे प्रश्न : संकेतस्थळ कोणासाठी लिहायचे?

ग्रामीण भागातील मराठी संकेतस्थळांविषयी या स्तंभात लिहिल्यानंतर विदर्भातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. बागायतदार, लेखिका, सेवा केंद्रचालक, विद्यार्थी आणि निवृत्त शिक्षक अशी ही पाच जणांची पत्रे आहेत. गूगलसारखे एकच शोधयंत्र जवळजवळ सर्वांच्या हाती असले, की लिहिणारा काय लिहितो आणि वाचणारा काय वाचतो हे दोन्ही कसे बदलत जाते, हा प्रश्न प्रत्येक पत्रात कोणत्या ना कोणत्या रूपाने आला आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि प्रथेप्रमाणे नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची वरूड तालुक्यात संत्र्याची बाग आहे. मी आणि माझे यजमान २०१६ पासून संत्रा बागेची माहिती देणारी एक मराठी वेबसाइट चालवतो. डिंक्या, कोळशी यांसारखे रोग, फळगळ, आंबिया बहाराचा ताण कधी तोडायचा, अशी आम्ही स्वतः बागेत केलेली कामे तिच्यावर लिहितो. पूर्वी गूगलवरून बरेच शेतकरी यायचे. गेल्या दीड-दोन वर्षांत ते निम्म्यापेक्षा कमी झाले. एसईओचे, म्हणजे वेबसाइट शोधात वर आणून देण्याचे, काम करणाऱ्या एका मुलाने सांगितले की, आमची पाने फार लहान आहेत. बोर्डो मलमाचे पान जेमतेम नऊ ओळींचे आहे. ते दीड हजार शब्दांचे करा, सुरुवातीला ‘संत्रा म्हणजे काय’ हे लिहा, दर महिन्याला तारीख बदला आणि वर्षाची ठरलेली रक्कम द्या, पहिल्या क्रमांकाची हमी माझी, असे तो म्हणतो. काय करावे?

उत्तर : ताई, पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नका. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गूगलने आपल्या जाहीर मार्गदर्शनातच लिहून ठेवले आहे. पानाला अमुक इतक्या शब्दांची अट नाही, हेही तेथे स्पष्ट केलेले आहे. मजकुरात काहीही न बदलता नुसती तारीख बदलून पान ताजे भासवू नये, असेही सांगितलेले आहे. पानाच्या आत लपवून ठेवायच्या ‘कीवर्ड’च्या यादीसाठी तो वेगळे पैसे मागू लागला, तर क्रमवारी लावताना ती यादी आपण विचारात घेत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले होते, एवढे त्याच्या कानावर घाला.

मात्र त्या मुलाने हा सल्ला हवेतून काढलेला नाही. पहिल्या पानावर येणारी संकेतस्थळे कशी असतात ते पाहून, ज्याच्या-त्याच्याकडून ऐकून तो शिकलेला आहे, आणि त्याच्यासारखे हजारो जण असेच शिकले आहेत. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल सुरू केले, तेव्हा त्यांची मूळ कल्पना साधी आणि फार चांगली होती. एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणती पाने दुवा देतात, यावरून त्या पानाचे महत्त्व ठरवायचे. पण दुव्याला किंमत आहे हे कळताच दुव्यांचा बाजार उभा राहिला आणि तेव्हापासून कंपनी नियम बदलते व मालक त्यामागे धावतात, असे चालू आहे. नोव्हेंबर २००३ मधील ‘फ्लोरिडा’ नावाच्या बदलाने नाताळच्या खरेदीच्या तोंडावर कितीतरी लहान विक्रेत्यांची संकेतस्थळे क्रमवारीतून खाली गेली. फेब्रुवारी २०११ च्या ‘पांडा’ने कस नसलेला मजकूर मागे टाकला, तर एप्रिल २०१२ च्या ‘पेंग्विन’ने विकत घेतलेल्या दुव्यांवर घाव घातला. ‘पांडा’चा रोख निकस मजकुरावर होता, पण अनेकांनी त्याचा अर्थ ‘लहान मजकूर’ असा घेतला आणि तेव्हापासून पाने फुगवण्याची जी सवय लागली ती अजून सुटलेली नाही. सगळेच बदल वाईट होते असे मी म्हणणार नाही. २०१४ पासून सुरक्षित जोडणीला आणि २०१५ पासून मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना प्राधान्य मिळू लागले, त्याचा सर्वांत मोठा लाभ खेड्यातील वाचकालाच झाला, कारण त्याच्याकडे संगणक कधी नव्हताच.

आपल्या भागातील कापूस उत्पादकाला ही गोष्ट लवकर उमगेल. आधारभूत किमतीच्या खरेदीत कापसातील ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत लागतो, म्हणून शेतकरी दवात वेचणी करत नाही आणि गाडी भरण्यापूर्वी कापूस वाळवतो. घेणाऱ्याचा निकष असा शेतापर्यंत पोहोचतो आणि वेचणाऱ्याच्या हाताची सवय बदलतो. परंतु तेथे निकष जाहीर असतो, ओलावा समोर मोजला जातो आणि तक्रार घेऊन जायला बाजार समिती असते. शोधयंत्राच्या निकषात असंख्य घटक असतात, ते सारखे बदलतात आणि त्यांचा मोठा भाग गुप्त ठेवला जातो. तो उघड केला तर लबाड लोक लगेच त्याचा फायदा घेतील, हे कंपनीचे म्हणणे खोटे नाही. तरीही परिणाम असा होतो की, प्रामाणिक मालकाला आपण खाली का गेलो हे कळत नाही आणि तो ऐकीव उपायांवर पैसे घालवतो.

आता तुमच्या नऊ ओळींकडे येतो. ते पान मी वाचले. त्यात मलमाचे प्रमाण आहे : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यातच करायचे, खोडाला जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत लावायचे. आणि शेवटची ओळ अशी की, हे प्रमाण खोडाच्या मलमाचे आहे, फवारणीच्या एक टक्का मिश्रणासाठी तेवढ्याच मोरचूद-चुन्याला शंभर लिटर पाणी लागते. बागेत उभ्या असलेल्या, एका हाताने मोबाइल धरलेल्या माणसाला याहून जास्त काय हवे? त्याच्यापुढे ‘संत्रा म्हणजे काय’ आणि संत्र्याचा इतिहास ठेवला, तर तुमची शेवटची ओळ सहा पडदे खाली जाईल आणि ती वाचली गेली नाही तर एका शून्याच्या फरकाने झाडाची पाने करपतील. ज्याने वरूडमध्ये बाग लावली त्याला संत्रा म्हणजे काय हे सांगणे हा त्या वाचकाचा अवमानही आहे. त्या पानाला हात लावू नका.

वाचक कमी होण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे आणि त्यात तुमचा काही दोष असण्याची शक्यता मला कमी वाटते. शोधयंत्र पूर्वी वाचकाला संकेतस्थळाच्या दारापर्यंत पोहोचवत असे. पुढे ते स्वतःच उत्तर देऊ लागले. २०१२ मध्ये माहितीच्या चौकटी आल्या, २०१४ च्या सुमारास पानातील उतारा उचलून सर्वांत वर दाखवणे सुरू झाले, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने अनेक पानांतून जुळवलेला सारांश मे २०२४ मध्ये अमेरिकेत व त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये भारतात दिसू लागला. सारांशाखाली दुवे असतात, पण उत्तर मिळाल्यावर दुवा उघडण्याची गरज कितीजणांना वाटेल? तुमच्या अनुभवातून आलेले प्रमाण वाचकापर्यंत पोहोचते आणि ते तुमच्या बागेतून आले आहे हे मात्र पोहोचत नाही. ‘खोडासाठी’ हा शब्द वाटेत गळाला तर विचारायला कोणी नसते. सारांशात आपला मजकूर नको असेल तर पानाचा उतारा दाखवण्यास मनाई करण्याची सूचना मालक संकेतस्थळात घालू शकतो. पण ती घातली की साध्या शोधनिकालातही पानाच्या नावाखालचा उतारा दिसत नाही. उतारा नसलेला दुवा कोण उघडणार, या भीतीने बहुतेक मालक गप्प बसतात. एवढ्या मोठ्या सत्तेपुढे दिलेला हा पर्याय मला न्याय्य वाटत नाही.

तुमच्या हातात जे आहे ते करा. प्रत्येक पानावर बाग कोठे आहे, झाडे किती वर्षांची आहेत, कलम ज्यावर बांधले तो खुंट जंबेरीचा की रंगपूर लाइमचा आणि मजकूर शेवटी खरोखर कधी तपासला, हे लिहा. असे तपशील परगावी बसून लिहिणाऱ्याला देता येत नाहीत आणि वाचकाला ते हवे असतात. अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था यांच्या शिफारशींचे दुवे द्या, आणि मोर्शी, काटोल, नरखेड या भागांत असेच लिहिणारे कोणी असतील तर एकमेकांना दुवे द्या. शोधयंत्राच्या वाटेने न येणारा वाचक जपा : व्हॉट्सअ‍ॅपवर हंगामानुसार पानाचा दुवा पाठवा, रोपवाटिकेत आणि ओळखीच्या कृषी सेवा केंद्रात पत्ता छापून लावा. उद्या क्रमवारी कशीही फिरली तरी हा वाचक तुमच्याकडे येण्याची वाट विसरणार नाही.

प्रश्न : मी दिग्रस तालुक्यातील असून बी.ए. झाले आहे. घरी बसून एका योजनांच्या वेबसाइटसाठी लेख लिहिते, लेखामागे पैसे मिळतात. रोज सकाळी विषय येतो, ‘शेतकऱ्यांच्या खात्यात आजपासून पैसे जमा, यादीत नाव पहा’. पुष्कळदा तशी काहीच घोषणा झालेली नसते. आमच्याच गावातले लोक तो लेख उघडून बँकेत जातात. वडिलांनी परवा माझाच लेख मला दाखवला. मी चूक करते आहे का?

उत्तर : शीर्षक खोटे असेल तर ते चूकच आहे, आणि तुम्हाला ते टोचते आहे म्हणूनच तुम्ही पत्र लिहिले आहे. पण या खोट्याची घडण कशी होते तेही समजून घ्या, कारण त्यात सर्वांत कमी मोबदला मिळणारी व्यक्ती तुम्ही आहात.

पंतप्रधान किसान योजनेचे वर्षाचे सहा हजार रुपये दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत येतात. म्हणजे हप्त्याविषयीचे खरे उत्तर साधारण चार महिन्यांतून एकदा बदलते. प्रश्न मात्र रोज विचारला जातो, कारण पेरणी, खत, मुलांची फी ही सगळी गरज रोजची आहे. कोणता प्रश्न किती शोधला जातो याचा कल गूगल स्वतः उघड करते, आणि शोधचौकटीत दोन अक्षरे टाकली की इतरांनी विचारलेले प्रश्न सुचवते. मालक त्या सूचना पाहून शीर्षके बेततो. शेतकरी तीच सूचना पाहून प्रश्न टंकतो, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पहिला पडदा उजवीकडे सरकवला की न विचारताही तसेच लेख पुढे येतात. पान उघडले की जाहिरात दिसते आणि जाहिरातीचे पैसेही बहुधा त्याच कंपनीच्या २००३ मध्ये सुरू झालेल्या जाहिरात व्यवस्थेतून मालकाला मिळतात. लेख खरा निघाला काय किंवा खोटा निघाला काय, पान उघडले गेले की हिशेब पूर्ण होतो. ज्याला बँकेपर्यंतच्या एस. टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी गमवावी लागली त्याचा या हिशेबात कोठेच उल्लेख नाही. शोधात वर येण्यासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेला निरुपयोगी मजकूर हा नियमभंग आहे, असे गूगलने मार्च २०२४ मध्ये जाहीर केले. तरीही अशी पाने रोज वर येताना दिसतात, आणि मराठीकडे पुरेसे लक्ष दिले जात नसावे असे माझे मत झाले आहे.

तुम्ही हे करून पाहा. पहिल्याच वाक्यात लिहा : ‘आज दिनांक अमुकपर्यंत पुढील हप्त्याची तारीख शासनाने जाहीर केलेली नाही.’ त्यानंतर नाव अडकण्याची खरी कारणे सविस्तर द्या, म्हणजे ई-केवायसी न होणे, आधार बँक खात्याशी न जोडलेले असणे, भूमी अभिलेखातील नोंद न जुळणे. अधिकृत संकेतस्थळावर स्वतःची स्थिती कशी पाहायची आणि तलाठी कार्यालयात कोणता कागद न्यायचा तेही लिहा. हा लेख वर्षभर उपयोगी पडतो आणि असे पान टिकते, हे मालकाला सांगून पाहा. तो ऐकत नसेल तर निर्णय तुमचा आहे. घरची गरज काय आहे ते मला येथून दिसत नाही, म्हणून काम सोडा असे मी म्हणणार नाही. पण ज्या लेखाखाली तुमचे नाव येते, त्याचे शीर्षक तरी तुमच्या संमतीने ठरावे एवढी अट नक्की घाला.

प्रश्न : मेहकर तालुक्यात माझे आपले सरकार सेवा केंद्र आहे. बँकेचा किंवा गॅसचा नंबर गूगलवर शोधून लोक फोन करतात आणि फसतात. मग माझ्याकडे येतात. त्यांना काय सांगू?

उत्तर : फसवणूक होऊन गेली असेल तर आधी १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन लावून द्या. येथे तासाभराचाही उशीर महाग पडतो. नंतर बँकेत तक्रार.

एरवी केंद्रात एक कागद लावा : बँकेचा क्रमांक पासबुकावर आणि एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो, गॅसचा क्रमांक पावतीवर असतो, शोधून फोन करू नये. शोधनिकालावर ‘प्रायोजित’ असे लिहिले असेल तर ती पैसे भरून लावलेली जाहिरात आहे, हे प्रत्येकाला बोट ठेवून दाखवा. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असते, हेही दाखवा. २००८ मध्ये गूगलचा क्रोम ब्राउझर आला तेव्हा त्यात पत्ता लिहिण्याची आणि शोधण्याची चौकट एकच करण्यात आली, आणि तेव्हापासून पत्ता लक्षात ठेवायची लोकांची सवयच गेली. ज्या चार-पाच संकेतस्थळांची ग्राहकांना नेहमी गरज पडते, ती त्यांच्या फोनच्या पडद्यावर थेट जोडून द्या. तुमच्यासारख्या केंद्रचालकाने केलेले हे काम कोणत्याही जनजागृतीच्या फलकापेक्षा जास्त उपयोगी ठरेल.

प्रश्न : मी मूळचा धारणी तालुक्यातील असून अमरावतीत कायद्याचे शिक्षण घेतो. गूगल लोक आपल्या आवडीने वापरतात, कोणी जबरदस्ती करत नाही. मग न्यायालये त्याला मक्तेदारी का म्हणतात? चांगले असणे हा गुन्हा आहे का?

उत्तर : चांगले असणे हा गुन्हा नाही, आणि अमेरिकेच्या न्यायालयानेही तसे म्हटलेले नाही. न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी दिलेल्या निकालात गूगल हे दर्जेदार शोधयंत्र असल्याचे मान्य केले आहे. दोष काढला तो मक्तेदारी टिकवण्याच्या पद्धतीत. नवा फोन किंवा ब्राउझर उघडल्यावर गूगलच आधीपासून बसवलेले असावे, यासाठी कंपनीने फोन आणि ब्राउझर बनवणाऱ्यांना २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली, असे या खटल्यात पुढे आले. लोक आपल्या आवडीनेच निवडणार असतील तर एवढे पैसे कशासाठी मोजावे लागतात, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारून पाहा. बहुतेक माणसे आधीपासून बसवलेली वस्तू बदलत नाहीत, आणि त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला शोधांची संख्या मिळत नाही. संख्या मिळत नाही म्हणून त्याचे निकाल सुधारत नाहीत, आणि निकाल सुधारत नाहीत म्हणून कोणी बदलत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाययोजना ठरवताना याच न्यायालयाने क्रोम विकायला लावण्याची सरकारची मागणी फेटाळली, पण अशा करारांत फक्त गूगलच बसवण्याची अट घालायला मनाई केली आणि काही माहिती पात्र स्पर्धकांना देण्यास सांगितले.

कायद्याचे विद्यार्थी म्हणून तुम्ही आपल्या देशातील आदेशही वाचावेत. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल १३५.८६ कोटी रुपयांचा आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडसंबंधीच्या अटींबद्दल १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दुसरा दंड अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये कायम ठेवला. युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये केलेला २.४२ अब्ज युरोंचा दंड हा स्वतःच्या खरेदी-तुलना सेवेला निकालांत झुकते माप दिल्याबद्दल होता, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. हा शेवटचा मुद्दा तुम्ही नीट अभ्यासावा. जो क्रमवारी लावतो, त्याचेच दुकानही त्या क्रमवारीत असेल, तर इतर दुकानदारांनी कोणावर विश्वास ठेवायचा?

पेज आणि ब्रिन यांनी १९९८ मधील आपल्या शोधनिबंधातच असे लिहून ठेवले होते की, जाहिरातींवर चालणारी शोधयंत्रे स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकतील आणि वापरणाऱ्याच्या गरजेपासून दूर जातील. त्यानंतर दोनच वर्षांनी, २००० मध्ये, गूगलने शोधाशेजारी जाहिराती विकायला सुरुवात केली. मेळघाटातून आलेल्या मुलाला बाहेरच्या जगाची दारे या शोधयंत्राने उघडून दिली असतील, हे मी समजू शकतो, आणि ते ऋण मानण्यात काहीच वावगे नाही. पण ऋण मानणे आणि सवाल न करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन महिनाभर दुसरे शोधयंत्र लावून पाहा. बिंग आहे, डकडकगो आहे. मराठी शोधांना त्यांचे निकाल बऱ्याचदा तोकडे वाटतील. ते का तोकडे आहेत याचे एक कारण तुम्ही आत्ताच वर वाचले आहे.

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक आहे. साकोली, लाखांदूर भागातील झाडीबोलीतील शब्द गोळा करून मुलाच्या मदतीने एका साध्या संकेतस्थळावर ठेवले आहेत. गूगलवर शोधले तर माझे पान येत नाही. कोणी येते की नाही हे कळण्यासाठी मोजणी बसवावी, जाहिराती लावाव्यात, असे मुलगा म्हणतो. कोणी वाचतच नसेल तर वार्षिक शुल्क भरून संकेतस्थळ चालू ठेवण्यात अर्थ आहे का?

उत्तर : सर, तुमचे पान उघडून पाहिले. शोधात ते न येण्याचे मुख्य कारण तेथेच सापडले. अर्ध्याहून अधिक शब्द जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकून त्यांची चित्रे केली आहेत. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी मराठीतील बहुतेक मजकूर अशा फाँटमध्ये होता, आणि संगणकाच्या दृष्टीने तो मराठी नव्हताच. डोळ्यांना ‘बांधी’ दिसते, यंत्राच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक जुळणी असते किंवा नुसते चित्र असते. मराठीतील कितीतरी चांगला मजकूर याच कारणाने शोधयंत्राला दिसत नाही. मुलाकडून किंवा गावातील एखाद्या विद्यार्थिनीकडून सगळे शब्द युनिकोडमध्ये टंकून घ्या. चित्रे राहू द्यायची असतील तर खाली मजकूर द्या.

त्यातही एक बारीक अडचण आहे. तुमच्या यादीत ‘पऱ्हे’ आहे, रोवणीसाठी वाढवलेली धानाची रोपे. यातला ऱ्ह दोन प्रकारे टंकता येतो : एक, नुक्ता असलेला ऱ लिहून, आणि दुसरा, साध्या र ला हलन्त देऊन एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, आत मात्र चिन्हांची ओळ वेगळी असते. ‘वऱ्हाड’ आणि ‘दऱ्या’ या शब्दांचेही तसेच. मोठी शोधयंत्रे असे भेद पुष्कळदा सांभाळून घेतात, पण तुमच्या संकेतस्थळावर आत जी लहान शोधचौकट आहे ती सांभाळून घेत नाही. मी ‘पऱ्हे’ टंकले तर काहीच सापडले नाही आणि शब्द तर समोर दिसत होता. सगळीकडे पहिलीच पद्धत ठेवा. शोधात वर यावे म्हणून काही मालक मुद्दाम चुकीचे ऱ्हस्व-दीर्घ घालून तोच शब्द चार वेळा लिहितात. शब्दसंग्रहात तसे कृपया करू नका. लोकांमध्ये खरोखर उच्चारभेद असेल, तर तो गावाच्या नावासह नोंदवा, कारण तो ज्ञानाचाच भाग आहे.

मोजणीविषयी माझे मत तुमच्या मुलापेक्षा वेगळे आहे. गूगलची मोजणी फुकट मिळते, पण तिच्यामुळे तुमच्या पानावर येणाऱ्या प्रत्येकाची भेट त्या कंपनीलाही कळते. फाँट, नकाशा, व्हिडिओ असे काहीही तिच्या संगणकावरून ओढून आणले तरी असेच घडते. गूगलचे फाँट असे वापरून पाहुण्याचा संगणकीय पत्ता परस्पर पाठवला म्हणून जानेवारी २०२२ मध्ये जर्मनीतील म्युनिकच्या न्यायालयाने एका संकेतस्थळाच्या मालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. रक्कम लहान आहे, पण पाहुण्याविषयीची जबाबदारी मालकाची आहे हे त्यातून स्पष्ट झाले. मुक्ता किंवा नोटो यांसारखे मुक्त परवान्याचे देवनागरी फाँट उतरवून स्वतःच्या संकेतस्थळावरच ठेवता येतात. किती पाने उघडली गेली एवढेच हवे असेल, तर संकेतस्थळाची जागा पुरवणाऱ्याकडे त्याची साधी नोंद असतेच, ती मागून घ्या. आपली पाने शोधयंत्राला दिसतात की नाही हे पाहण्यासाठी गूगलचे मालकांसाठीचे सर्च कन्सोल वापरा. त्यासाठी पाहुण्यांच्या पानात काही घालावे लागत नाही. जाहिरातींतून तुमचे वार्षिक शुल्कही निघेल असे मला वाटत नाही, आणि ‘बोडी’ या शब्दाचा अर्थ पाहायला आलेल्या मुलापुढे कर्जाच्या अ‍ॅपची जाहिरात नाचावी, हे तुम्हालाही रुचणार नाही.

संकेतस्थळ चालू ठेवा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. शोधयंत्रावरून कोणी येत नाही म्हणजे त्याला वाचक नाही असा अर्थ होत नाही. तुमच्या वाचकाला अजून पत्ताच मिळालेला नाही. दिवाळीनंतर वडसा देसाईगंजच्या नाट्य कंपन्यांचा हंगाम सुरू होतो, त्यांच्या लेखकांना आणि कलावंतांना यादीचा दुवा पाठवा. नागपूर आणि गडचिरोलीच्या विद्यापीठांतील मराठी विभागांना पत्र लिहा. मराठी विक्शनरी या इंटरनेटवरील मुक्त शब्दकोशात शब्द घाला आणि आधार म्हणून आपले पान द्या. इंटरनेट आर्काइव्हच्या संकेतस्थळावर आपल्या पानाचा पत्ता देऊन त्याची प्रत जतन करण्याची सोय विनाशुल्क आहे, तीही एकदा मुलाकडून करून घ्या. म्हणजे पुढेमागे शुल्क भरायचे राहिले तरी शब्द हरवणार नाहीत. युनिकोडमध्ये टंकलेली पहिली पाने तयार झाली की मला कळवा. ऱ्ह ची तपासणी करायला मी आनंदाने मदत करीन.